तानसेकाठचा दहावा

माझ्या नवऱ्याचा दहावा झाला होता, हे मला तो गेल्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी कळलं. कळलं तेव्हा मी एका टेम्पोच्या पुढच्या सीटवर मांडीवर केळ्यांची फणी घेऊन बसले होते. तो धक्का अजून पुरता ओसरलेला नाही.

आमच्या घरात दहावा-तेरावा काही करायचं नाही, असं ठरलेलं होतं. ठरवलं दोघांनी होतं, आणि तेही तरुणपणी, जेव्हा मरण हा फक्त चर्चेचा विषय असतो. लग्न आम्ही नोंदणी पद्धतीने केलं. बोरिवलीत घर घेतलं तेव्हा वास्तुशांत केली नाही, फक्त पंखे बसवले. आम्हाला मूल नाही, त्यामुळे आमच्यामागे पिंड कोण देणार हा प्रश्न नातेवाइकांना आमच्यापेक्षा जास्त छळायचा. नवरा म्हणायचा, "माझ्यामागे पिंडबिंड केलेस तर भूत होऊन येईन."

"तू भूत मानत नाहीस ना?"

"तेवढ्यापुरतं मानेन."

तो एका बुधवारी सकाळी गेला. खुर्चीत, पेपर वाचता वाचता, अग्रलेखाच्या पानावर. त्या अग्रलेखात जीव जाण्यासारखं काही नव्हतं, मी नंतर वाचून पाहिला. विद्युतदाहिनीत नेलं, अस्थी सोसायटीतल्या बकुळीच्या आळ्यात घातल्या, आणि संपलं. म्हणजे मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी भांडुपहून थोरले दीर आले. सासरे गिरणी कामगार. पाळी संपली की चाळीच्या भजनी मंडळात पेटी घेऊन बसायचे, चाळ त्यांना बुवाच म्हणायची. दिरांनी वडिलांची ती गादी चालवली नाही, पण देवधर्म चालवला. नवऱ्याला लहानपणी सासऱ्यांनी पखवाजावर बसवलं होतं. कॉलेजात गेल्यावर त्याने देव सोडला आणि देवाबरोबर पखवाजही सोडला, असं त्यानेच मला लग्नाआधी सांगितलेलं. "रोज रात्री डोक्यात ठणके मारायचे गं," म्हणायचा. मी त्या ठणक्यांसकट त्याच्याशी लग्न केलं.

दिरांनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि विचारलं, "दहावो खंय करूचो?"

"करायचा नाही, दादा. त्याची इच्छा होती."

"इच्छा जित्या माणसाची असता. मेल्यार माणूस भुकेलो असता."

मी माझी सगळी उत्तरं दिली. ती चांगली होती, चाळीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेली होती. दिरांनी ती शांतपणे ऐकली, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "माझ्या भावाक उपाशी ठेवलंस गो."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. भांडत राहिले असते तर बरं झालं असतं, कारण भांडणात मला उत्तर देता येतं. त्या एका वाक्याला मात्र माझ्याकडे एकच उत्तर होतं, की त्याची इच्छा होती. मी ते स्वतःला दिवसातून अनेकदा देत होते. या सगळ्यात माझं काय पणाला लागलं होतं ते इतकंच: मी ज्या माणसाची इच्छा पाळली, तो मला माहीत असलेलाच माणूस होता ना?

आता सायकलबद्दल.

निवृत्तीनंतर त्याने सायकल घेतली. बारीक टायरची, खाली वाकलेल्या हँडलची, मांजराइतकं वजन असलेली. आमच्या भागात सायकलवाल्यांचा एक गट आहे. त्याचा एक कॅप्टन आहे. हा कॅप्टन आठवडाभर लोकांच्या स्वयंपाकघरांत मॉड्युलर कपाटं बसवतो आणि रविवारी सैन्याचं नेतृत्व करतो. हा गट दर रविवारी उजाडायच्या आत निघायचा आणि तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरीला जाऊन यायचा. नवरा त्यातलाच एक.

आमची इमारत दहिसर नदीच्या काठावर आहे. हे आम्हाला बिल्डरच्या जाहिरातीवरून कळलं. आम्ही तिला नाला म्हणायचो, अजूनही म्हणतो, आणि तिचा चेहरा पाहता तिचीही हरकत नसावी. नवरा म्हणायचा, "आपल्या उपनगराला नदी हवी असेल तर सायकलवर बसून शोधत जावं लागतं." आणि मग रविवारी दुपारी जेवताना तो मला ती नदी सांगायचा.

मला सायकल येत नाही. पण तो रस्ता मला कानाने पाठ होता. दहिसरचा नाका ओलांडला की काशिमीऱ्याचा चढ, मग घोडबंदरची खाडी. पुलावर वारा आडवा येतो आणि खाली रेतीच्या होड्या दिसतात. मग महामार्गावर ट्रकांच्या कडेने जीव मुठीत धरून शिरसाड फाट्यापर्यंत. फाट्याला उजवीकडे वळलं की एकदम आवाज बंद. कोणी रेडिओ बंद करावा तसा. पुढे पारोळ, भाताची खाचरं, वीटभट्ट्या, आणि कुठेतरी झाडीआडून तानसा सोबतीला येते. वज्रेश्वरीला एका हॉटेलात नवराबायको भजी तळतात आणि गिऱ्हाइकांसमोर एकमेकांशी भांडतात. बाईचं म्हणणं की तेल बदल, त्याचं म्हणणं की अजून एक घाणा. दर रविवारी मला त्या भांडणाचा पुढचा भाग ऐकायला मिळायचा. एकदा बाई माहेरी गेली तेव्हा मला दोन रविवार चैन पडलं नव्हतं.

हे सांगताना त्याची बोटं टेबलावर चालायची. धा, तिट, काहीतरी. ताटातली आमटी हलायची. मी त्याच्या हाताखाली पेपरची घडी सरकवायचे.

तो गेल्यावर कॅप्टन घरी आला. सोबत गटातली एक तरुण मुलगी होती, बँकेत काम करणारी, नवऱ्याची फार लाडकी. कॅप्टन म्हणाला, "काकू, सरांच्या नावाने स्मृती राईड करतोय. एकदम डिग्निफाइड. तुम्ही पाहिजेच."

"मला सायकल येत नाही."

"टेम्पो आहे ना! सपोर्ट व्हेइकल. केळी, पाणी, पंक्चर किट. तुम्ही पुढे ड्रायव्हरजवळ."

मी हो म्हटलं. त्याचं एकच कारण, जो रस्ता इतकी वर्षं कानांनी पाहिला तो एकदा डोळ्यांनी पाहावा. बँकेतली मुलगी का कोण जाणे कॅप्टनकडे पाहत राहिली होती. मला वाटलं, दुःख.

त्या रविवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर सगळ्यांच्या छातीवर माझा नवरा होता. टी-शर्टवर छापलेला. फोटो पारपत्राचा, त्यामुळे तो पंचवीस-तीस जणांच्या छातीवरून माझ्याकडे पारपत्र अधिकाऱ्याकडे पाहावं तसा पाहत होता. वर लिहिलं होतं, 'सायकलतपस्वी'. ज्या माणसाला तपश्चर्या हा शब्द ऐकला की शिंका यायच्या, त्याला. त्याची सायकल आणून मधोमध उभी केली होती. तिच्या हँडलला झेंडूचा हार. योजना अशी की प्रत्येकाने थोडं थोडं अंतर ती सायकल चालवायची.

झेंडा दाखवायला एक माजी नगरसेवक यायचे होते. ते आले तेव्हा लख्ख उजाडलं होतं. त्यांनी नवऱ्याला "पर्यावरणाचा सच्चा सैनिक" म्हटलं, त्याचं आडनाव चुकवलं, हिरवा झेंडा हलवला आणि आपल्या डिझेलच्या गाडीतून गेले. कॅप्टन पहिला मान म्हणून नवऱ्याच्या सायकलवर बसला. दहा-बारा पावलांवर झेंडूचा हार चेनमध्ये गेला. पुढचा बराच वेळ पर्यावरणाचे सैनिक उकिडवे बसून चेनमधून पाकळ्या काढत होते. मला त्या दिवसात पहिल्यांदा वाटलं, नवरा इथे असता तर!

मग निघालो. टेम्पोवाला हा रविवारचा नेहमीचा. इतर दिवशी फर्निचर वाहतो. फार बोलणारा नव्हता. मी खिडकीतून पाहत होते आणि सगळं बरोबर निघत होतं. काशिमीऱ्याचा चढ होता, पुलावरचा वारा होता, होड्या होत्या. शिरसाड फाट्याला वळलो आणि खरंच, रेडिओ बंद केल्यासारखा आवाज गेला. माझे डोळे भरले. मला वाटलं, निदान हे तरी मला माहीत असलेलंच आहे.

पारोळ गेलं. पुढे एका ठिकाणी सगळ्या सायकली सरळ गेल्या आणि टेम्पो डावीकडे एका कच्च्या रस्त्यात वळला. मी म्हटलं, "अहो, ते सगळे तिकडे गेले."

टेम्पोवाला ऐकायच्या आत एका पिंपळाखाली थांबला होता. समोर मारुतीचं छोटं देऊळ, मागे उतारावर नदीचं पाणी चमकत होतं. त्याने दोनदा हॉर्न वाजवला, आणि मग एकदम जीभ चावली.

"काय झालं?"

"काय नाय काकू. सवय." त्याने घाईघाईने गाडी मागे घ्यायला गिअर टाकला.

पण देवळातून आवाज आला, "बुवांची गाडी आली रे!" आणि तीन-चार माणसं बाहेर आली. आली ती हसत, आणि मग त्यांना आठवलं असावं, कारण हसू मधेच थांबलं. मागून एक सायकल जिवाच्या आकांताने येत होती. कॅप्टन. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून घाम गळत होता. म्हणजे टी-शर्टवरच्या.

"काकू, इथे नाही! पुढे! प्रोग्रॅम पुढे आहे!"

मला काहीच कळत नव्हतं. टेम्पोजवळ एक चाळिशीचा माणूस आला. त्याने ड्रायव्हरला हळूच विचारलं, "ह्या कोन?"

"सरांच्या मिसेस."

त्या माणसाच्या डोक्यावर नुकते उगवलेले, बोटभरही नसलेले केस होते. त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि खांद्यावरचा टॉवेल पटकन डोक्याला गुंडाळला. मला वाटलं, बिचाऱ्याचे वडील गेले असतील. अशा वेळी माणसाने दोन शब्द बोलावेत म्हणून मी खिडकीतून विचारलं, "तुमच्या घरी कोणी गेलं का हो?"

त्याने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनने आकाशाकडे पाहिलं.

"हो ताई," तो म्हणाला. "बुवा गेले."

"कोण बुवा?"

 शेवटी कळशी घेऊन उभी असलेली एक बाई वैतागून म्हणाली, "आता काय लपवताय? आवो, तुमचंच मालक."

माझ्या मांडीवरची केळी खाली पडली, एवढं आठवतं.

मला देवळाच्या ओट्यावर बसवलं. पाणी दिलं. हळूहळू सगळा गट परत आला आणि माझ्यापासून लांब, शाळेतल्या पोरांसारखा रांगेत उभा राहिला. सांगितलं सगळं गावकऱ्यांनीच. माझा नवरा कित्येक वर्षं वज्रेश्वरीला गेलाच नव्हता. गट त्याला इथे सोडायचा आणि येताना घेऊन जायचा. इथल्या भजनी मंडळाचा सराव रविवारी सकाळी, कारण बाकीचे दिवस मंडळी भिवंडीच्या गोदामांत कामाला. एका रविवारी त्याच्या सायकलचं चाक इथे पंक्चर झालं. सावलीला बसला असताना आतला पखवाज चुकत होता. तो म्हणे बराच वेळ सहन करत बसला, आणि मग उठून म्हणाला, "द्या इकडे."

ज्याचा पखवाज चुकत होता तो हा टॉवेलवाला माणूस. नंतर त्याला नवऱ्यानेच शिकवलं.

मी ज्या शब्दाचा उपयोग आयुष्यभर फक्त शिवीसारखा केला, त्या शब्दाने हे सगळं गाव माझ्या नवऱ्याला हाक मारत होतं. बुवा. सासऱ्यांना चाळ मारायची तीच हाक.

"पूजा करायचा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच तपासनिसासारखा वाटला.

"नाय ताई. बुवा देवळात येतच नव्हते," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. ते पेटी वाजवत. "तुमी बसलाव ना, हितंच बसायचे, ओट्यावर. पखवाज बाहेर, आमी आत. मारुतीला कदी हात जोडला नाय. परसाद दिला तर खायचे. म्हनायचे, शिरा आहे, शिऱ्याशी माझं भांडण नाही."

हे शब्द त्याचेच होते. इतक्या सगळ्या धक्क्यात मला तेवढा एक माणूस ओळखीचा सापडला.

"मग दहावा? त्याने सांगितलं होतं?"

"कदीच नाय."

"मग का केलात?"

टॉवेलवाल्याला हा प्रश्नच कळला नाही. "आमच्यातला मानूस गेला. कॅप्टनसाहेब पुढच्या रविवारी आले, म्हनाले बुवा गेले, घरी काय करनार नाहीत. आमाला वाटलं, कोन करनारं नसंल. मी बसलो."

बसलो म्हणजे नदीकाठी डोकं भादरून पिंडाला बसलो. माझ्या नवऱ्याच्या. इतकं साधं ते सांगून मोकळा झाला. मी रागावायला हवं होतं. ज्या गोष्टीसाठी मी सख्ख्या दिराला तोंडावर नाही म्हटलं, ती एका परक्या माणसाने, मला न विचारता, माझ्या नवऱ्याला न विचारता उरकून टाकली होती. माझ्याकडे वाक्यंही तयार होती. आणि तोंड उघडल्यावर मी काय विचारलं?

"कावळा शिवला का?"

बँकेतली मुलगी दचकून माझ्याकडे पाहू लागली. तिच्यापेक्षा मी जास्त दचकले होते.

 टॉवेलवाला पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. कळशीवाली बाई म्हणाली, "सांगा की. आता काय राह्यलंय?"

"लय वेळ नाय शिवला," म्हातारे म्हणाले. "कावळे होते. करंजावर बसलेले. पिंडाकडं बघायचे नि तोंड फिरवायचे. आमी म्हनालो, बुवा, मंडळ बंद पडू देनार नाय. नाय. बुवा, पखवाजाला शाई वेळेवर भरू. नाय. बुवा, तुमच्या सायकलला हवा... आता सायकल आमच्याकडं नाय, पन म्हनालो. तरी नाय. ऊन डोक्यावर आलं. मग हा म्हनाला..."

"मी नाय, तुमीच म्हनालात."

"बरं, मी म्हनालो. म्हनालो, बुवा, बायकोची काळजी करू नका. तुमच्या घरी कदी कळू देनार नाय." म्हाताऱ्यांनी हात वर नेऊन झपकन खाली आणला. "बोलायला नि कावळा खाली यायला एक गाठ. असा झडप घालून आला की मंडळी मागं सरली."

 मी हसले की रडले, मला खरंच सांगता येणार नाही. दोन्हींना लागणारा श्वास एकच असतो आणि तो मला मिळत नव्हता.

मग मी कॅप्टनकडे वळले. "तो मला घाबरत होता?"

"नाही हो काकू!" कॅप्टनचा सगळा सेनापती गळून पडला होता. "घाबरत नव्हते. सर म्हणायचे, तिला सांगितलं तर ती हसेल. आणि ती हसली ना, की मला परत वाजवता नाही येणार."

मी हसले असते. त्यात शंका नाही. छान, मोजकं, जिव्हारी लागणारं काहीतरी म्हणाले असते आणि तोही हसला असता.

"पण मग वज्रेश्वरी?" मी विचारलं. "ती भजीवाली? तेल बदल, अजून एक घाणा?"

बँकेतली मुलगी पुढे आली. "ते मी सांगायचे सरांना, काकू. येताना. ते विचारायचे, आज काय झालं, नीट सांग, घरी सांगायचंय. एकदा ते हॉटेल बंद होतं, तर म्हणाले, मग बाई माहेरी गेली असं सांगतो."

हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा वाईट होता. म्हणजे तेवढा भाग सांगोवांगी आणि वरून मनाने जोडलेला. मी दर रविवारी ज्या रस्त्यावरून त्याच्यामागे कानांनी जात होते, त्याचा अर्धा भाग त्याने पाहिलाच नव्हता. आणि जो पाहिला, जिथे तो बसला, जिथे तो सुखात होता, त्याचा एक शब्दही मला माहीत नव्हता. ताटातली आमटी हलायची तेवढीच काय ती बातमी, आणि तिच्याखाली मी पेपरची घडी घालत होते.

"ताई, एक अडचन हाय," म्हातारे म्हणाले.

अडचण अशी की कावळ्याला शब्द दिला होता आणि आता मला कळलं होतं. मग त्या शिवण्याचं काय? मंडळींनी हा प्रश्न अतिशय गंभीरपणे घेतला. एकाचं म्हणणं पडलं, आम्ही सांगितलं नाही, हॉर्नने सांगितलं. दुसरा म्हणाला, कळशीने सांगितलं. कळशीवाली म्हणाली, टकल्याने सांगितलं, डोकं झाकलं नसतं तर त्यांनी विचारलंच नसतं. ग्रंथालयात नोकरी करताना मी बरीच शास्त्रार्थाची पुस्तकं हाताळली आहेत. इतका कळकळीचा शास्त्रार्थ त्यांत नाही. शेवटी म्हाताऱ्यांनी निकाल दिला, "ताईंनी काय ऐकलं नाय. काय ताई?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्या टी-शर्टवरचे सगळे नवरेसुद्धा.

"मी काही ऐकलं नाही," मी म्हटलं.

मग ते वाजवायला बसले. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही. रविवार होता, सराव होता. टॉवेलवाला देवळात न बसता पखवाज घेऊन बाहेर ओट्यावर, माझ्या शेजारी बसला, नवरा बसायचा तिथे. मला त्यातलं काही कळत नाही. पण मधेच एक तुकडा आला आणि मी माझ्या हातांकडे पाहिलं, कारण तो मला माहीत होता. तो आमच्या जेवणाच्या टेबलाचा होता. घडी नसताना तो असा वाजतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढे वज्रेश्वरीला ठरलेला कार्यक्रम झालाच. भाषण कॅप्टनने आदल्या दिवशी पाठ केलं होतं आणि ते त्याला बदलता येईना. "या रस्त्याचा कण न् कण सरांनी आपल्या पायांनी..." इथे त्याचा आवाज घशात अडकला. लोकांना वाटलं, गहिवर. माझ्या शेजारी बँकेतली मुलगी ओठ दाबून खाली बघत होती. भजीचं हॉटेल होतं. नवराबायको होती. भांडत नव्हती, अगदी गोडीने भजी तळत होती. ती भांडणंही त्या मुलीनेच रचलेली असणार, असा संशय मला तेव्हापासून आहे. मी विचारलेलं नाही.

घरी आल्यावर दुपारी मी भांडुपला फोन लावला. दिरांनी उचलला. उचलतील असं वाटलं नव्हतं.

"दादा, मी बोलतेय. त्याचा दहावा झालाय. तानसेवर. तेव्हाच, वेळेवर."

 पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"कोणी केल्यान?"

मी सांगितलं. सगळं, पंक्चरपासून. ओट्यावर बसायचा आणि शिऱ्याशी भांडण नाही म्हणायचा, तेही. त्याला तिथे बुवा म्हणतात हे सांगितलं तेव्हा दिरांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबांचो हात होतो त्याका," ते म्हणाले. "मारून मारून बसवलो होतो बाबांनी. माका नाय जमलो." मग थोड्या वेळाने, "कावळो शिवलो?"

"शिवला."

"लगेच?"

"नाही. बराच वेळ नाही. काय काय सांगितलं त्यांनी."

"काय सांगल्यावर शिवलो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हटलं, "बायकोला कळू देणार नाही म्हणाले."

आधी मला वाटलं, फोन कट झाला. मग दीर हसत होते. खोकत, थांबत, पुन्हा हसत. त्यांना इतकं हसताना मी लग्नात पाहिलं होतं, नोंदणी अधिकाऱ्याने त्यांना नवरदेव समजून सही करायला बोलावलं तेव्हा.

"आणि तुका कळला!"

"हो."

"वाट लागली," दीर म्हणाले. हसणं थांबलं. ते विचार करत होते, मला ऐकू येत होतं. "आता असा कर. तुका काय ठाऊक नाय. मी तुका काय विचारूक नाय. कळला?"

"कळलं."

"आणि येत्या रविवारी तो टेम्पो भांडुपवरून घेवा म्हणान सांग."

आम्ही गेलो. दीर देवळात बसले, मी ओट्यावर. आता जातोच अधूनमधून. स्वयंपाकघराच्या जाळीवर सकाळी एक कावळा येतो, तो आधीही यायचा. मी कावळा मानत नाही. पण तो आला आणि नेमकी माझी बोटं टेबलावर चाललेली असली, तर मी ती थांबवते आणि पेपर उघडून बसते.